थोरला उत्तर देत नाही

माझ्या थोरल्याला काही विचारायची सोय राहिलेली नाही. भाजीत मीठ बरोबर पडलंय का, एवढं विचारलं तर म्हणतो, "आई, मिठाबाबत वेगवेगळी मतं असू शकतात." अरे, घास तुझ्या तोंडात आहे, तुझं मत सांग. तर हा पाणी पितो.

परराष्ट्र खात्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. मंत्री जे वाचून दाखवतात ते हा लिहितो, आणि मंत्र्यांना घाम फुटला की पत्रकारांसमोर हाच उभा राहतो. मी धड चार बुकंही शिकलेली नाही. लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून दोन पोरं वाढवली. थोरला बोलण्यात हुशार निघाला, धाकटी कामात. धाकटी नर्स आहे, आणि सध्या समुद्रापलीकडच्या त्या शहरात आहे जिथं लढाई चालू आहे. परक्या फौजेनं त्या शहराचे रस्ते अडवलेत, बंदरही अडवलंय. आपल्याकडून औषधांचं एक जहाज गेलं, तेही बंदराबाहेर खोळंबून उभं आहे. अडवणारे आपल्या सरकारचे दोस्त, म्हणून सरकार गप्प. आणि सरकारचं तोंड म्हणजे माझं पोर.

दर रविवारी दुपारी तो घरात तालीम करतो. सोमवारी पत्रकार काय विचारतील ते आम्ही विचारायचं, आणि यानं न अडखळता बोलायचं, पण काहीच सांगायचं नाही. ही कला आहे म्हणे. एरवी सूनबाई पत्रकार बनते. त्या रविवारी खोकून खोकून तिचा घसा बसला होता.

"आई, तू विचार," थोरला म्हणाला. "तुझ्यासमोर टिकलो तर कुणाहीसमोर टिकेन."

मी इस्त्री बंद केली. मान मिळाला तर मी तो वाया घालवत नाही.

"ते जहाज आपलं आहे का?"

"जहाजावर आपला झेंडा आहे."

"म्हणजे आपलं."

"त्यातून काय अर्थ काढायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं."

"अडवलंय कुणी?"

"ते अडवलेलं नाही. ते प्रतीक्षेत आहे."

"कुणाच्या? नवऱ्याच्या?"

सून रुमालात तोंड घालून हसली. त्यानं तिच्याकडे असं बघितलं की जणू तिनंच गोळीबार केला.

"आई, पत्रकार असं विचारत नाहीत."

"म्हणून तर तुझं फावतंय. बरं, आजाऱ्यांची औषधं अडवणं चूक की बरोबर?"

"सर्वांनी संयम बाळगावा, अशी आमची भूमिका आहे."

"जहाजानं आणखी किती बाळगायचा? ते बिचारं जागचं हललेलं नाही."

इथं तो पाणी प्यायला, पण ग्लास खाली ठेवताना हसला. "बघ, काही निसटलं का तोंडातून?"

शाळेत भाषणाचं बक्षीस घेऊन यायचा तेव्हा असाच दिसायचा. खोटं कशाला बोलू, मलाही जरा कौतुक वाटलं. मला इतक्या सफाईनं चुकवणारा माणूस मीच जन्माला घातला होता.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटीचा. तिकडून लाइन मिळाली तरी कधी तुटेल याचा नेम नसतो, म्हणून आम्ही सगळेच धावतो. थोरल्यानं उचलला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"दादा, एकच सांग, वेळ नाहीये," धाकटी म्हणाली. "भुलीचं औषध संपत आलंय. जहाज येणार असेल तर आहे ते वापरून आज ऑपरेशनं उरकतो. येणार नसेल तर अगदीच जिवावर बेतलेल्यांसाठी राखून ठेवतो. डॉक्टर माझ्याकडे बघत उभे आहेत. येणार का?"

आणि माझा थोरला ताठ झाला. कॉलर सरळ केली, घसा खाकरला.

"आम्ही परिस्थितीवर बारकाईनं लक्ष ठेवून आहोत. योग्य त्या पातळीवर चर्चा सुरू आहे. या टप्प्यावर अंदाज बांधणं घाईचं ठरेल."

पलीकडे कुणीतरी खाट सरकवल्याचा आवाज आला. मग धाकटी म्हणाली, "दादा, शेजारी पत्रकार बसलेत का?"

"नाही गं. आई आहे, तुझी वहिनी आहे."

"मग हे कुणाशी बोलतोयस?"

लाइन तुटली.

त्यानं मुद्दाम केलं नव्हतं. चेहराच सांगत होता. रस्त्यात धोतर सुटलेला माणूस जसा इकडेतिकडे बघतो तसा तो आमच्याकडे बघत होता. सून तर खोकायचीही विसरली.

"आई, जहाज सोडा असं सरळ लिहून देता येत नाही," तो म्हणाला. "मंत्री खोडून टाकतात."

"कधी लिहून दिलंस?"

"नाही दिलं."

"का?"

त्यानं तोंड उघडलं. तयार वाक्य ओठापर्यंत आलेलं मला दिसलं, आणि परत फिरलेलंही दिसलं.

"खुर्ची जाईल म्हणून," तो म्हणाला.

मी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले.

"हे उत्तर झालं. आता माझं ऐक. तू वाईट नाहीस, भित्रा आहेस. पण भित्र्याला भाषा चांगली आली की तो वाईट माणसापेक्षा महागात पडतो. उद्या 'आमचं जहाज सोडा' एवढं लिहून मंत्र्यांच्या हातात दे. त्यांनी खोडलं तर पाप त्यांचं, तू लिहिलंच नाहीस तर तुझं. ते उद्याचं झालं. आत्ता बहिणीला फोन लाव, लागेपर्यंत लावत राहा, आणि सांग, 'मला माहीत नाही, औषध राखून ठेव.' तोवर या घरात तुला प्रश्न विचारायला मी आहे, जेवायला वाढायला नाही."