बारा फ्रेम

आमच्या बातम्यांच्या चॅनलच्या ऑफिसात मला सगळे कुलूपवाली म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर आजवर मला त्याचा थोडा अभिमानच होता. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र, आवाज, अक्षरं, इफेक्ट अशा सगळ्यांच्या आडव्या पट्ट्या एकाखाली एक मांडलेल्या असतात आणि प्रत्येक पट्टीच्या सुरुवातीला एक इवलंसं कुलूप असतं. ते दाबलं की त्या पट्टीला कशाचाही धक्का लागत नाही. बाकीचे ते दाबायला विसरतात आणि मग झालेलं काम बिघडलं म्हणून डोकं धरून बसतात. मी विसरत नाही. काम पुरं झालं की कुलूप. अठरा वर्षं ही सवय आहे, आणि ह्याच सवयीनं मी माझ्या सख्ख्या बहिणीचं वाटोळं केलं.

धाकटी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगच्या लाइनवर मुख्य होती. तिचा नवरा त्याच कारखान्याच्या गोदामात. राहायला कारखान्याच्या वसाहतीतल्या दोन खोल्या. एका रविवारी सकाळी ती एकटीच माझ्याकडे आली, चहाला हात लावला नाही, आणि सांगायला लागली. मुदत संपलेल्या खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या दुकानांतून परत येतात, त्यांच्यावरची तारीख पुसतात, नवी छापतात, आणि त्याच बाटल्या पुन्हा बाहेर जातात. लहान मुलांचं औषध. तीन महिने ती हे बघत होती.

"डोळ्याला डोळा लागत नाही ताई," ती म्हणाली. "पोरीला खोकला झाला की बाटली हातात घ्यायची भीती वाटते."

"मग बोल ना. आमच्याकडे बोल."

"वेडी आहेस का? बोलले तर दोघांच्या नोकऱ्या जातील. घरही त्यांचंच आहे."

मी हसले. हो, हसले. "अगं, माझा धंदा काय आहे? अर्धं आयुष्य लोकांची तोंडं झाकण्यात गेलंय. तुझा चेहरा दिसणार नाही, आवाज ओळखू येणार नाही. तुझी लेक समोर बसून बघेल आणि म्हणेल, कोण गं ही बाई?"

ती बराच वेळ कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "तू स्वतः करणार? दुसऱ्या कुणाला नाही देणार?"

"दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही."

हा शब्द मी पाळला. दुसऱ्या कुणाचा हात लागलाच नाही.

माझ्याच घरातल्या मागच्या खोलीत आम्ही तिचं बोलणं टिपलं. आमची बातमीदार प्रश्न विचारत होती, कॅमेरा तिपाईवर उभा होता, मी दिवे सांभाळत होते. धाकटी बोलली मात्र छान. आधी चाचरली, मग तारखा, पेट्यांचे आकडे, कोण सांगतं, कोण पुसतं, सगळं एका दमात सांगितलं. मध्ये एकदा घसा कोरडा पडला म्हणून वाकून खाली ठेवलेला पाण्याचा पेला उचलला, दोन घोट प्यायली आणि पुढे बोलायला लागली. नको ते काढून टाकल्यावर साडेतीन मिनिटं उरली.

त्या साडेतीन मिनिटांवर मी आठ दिवस घालवले. ऐकणाऱ्याला वाटतं, तोंड झाकायचं म्हणजे काय, एक धुरकट ठिपका टाकायचा आणि मोकळं व्हायचं. पण माणूस मूर्ती नसतो, आणि आमची धाकटी तर पारा. बोलताना हलते, मान झटकते, पुढे येते, मागे टेकते. तेव्हा ठिपक्याला कीफ्रेम द्याव्या लागतात. कीफ्रेम म्हणजे खूण. ह्या क्षणी ठिपका इथे, एवढा मोठा. त्या क्षणी तिथे, तेवढा. मधली वाट यंत्र आपली आपण चालतं, पण यंत्राला अक्कल नसते, म्हणून खुणा जवळजवळ द्यायच्या. चेहऱ्याचा ठिपका एका पट्टीवर. मनगटावर लहानपणी भाजल्याचा डाग आहे, त्याच्यासाठी दुसरा ठिपका दुसऱ्या पट्टीवर. आवाज जाड करायचा तो इफेक्ट तिच्या क्लिपलाच चिकटवला. एका सेकंदात पंचवीस चित्रं, म्हणजे पंचवीस फ्रेम, आणि मी दर चार-पाच फ्रेमला थांबत होते. कपाळ झाकलं? झाकलं. हनुवटी? झाकली. कानाची पाळी डोकावतेय, ठिपका वाढव. पाण्याच्या पेल्यापाशी तर एकेक फ्रेम मोजली. डोळ्यांत तेल घालून म्हणतात ना, तसं. आठव्या दिवशी सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा पाहिलं. केसभरही चूक नव्हती. दोन्ही ठिपक्यांच्या पट्ट्यांना मी कुलूप लावलं आणि धाकटीला फोन केला.

"झालं बघ," मी म्हटलं. "आता ब्रह्मदेव आला तरी तुला ओळखणार नाही."

"नक्की ना ताई?"

"किती वेळा विचारशील?"

ज्या दिवशी दुपारी दाखवायचं, त्या दिवशी सकाळी अकरा वाजता बातमीदार माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. सगळं पाहिलं, खूश झाली, आणि म्हणाली, "बोलायच्या आधी ती एक सुस्कारा सोडते ना, तेवढा काढ. उगीच रडकं वाटतं."

बरोबरच होतं तिचं. मी आवाजाच्या रेषेवर सुस्काऱ्याचा उंचवटा शोधला. बारा फ्रेम. अर्ध्या सेकंदाहून जरा कमीच. कापला, आणि मधली फट मिटवून पुढचं सगळं मागे ओढलं. हे एका बटणाचं काम आहे, दिवसातून दोनशे वेळा करते. मग जोड तपासली. जोडाच्या अलीकडचे दोन सेकंद, पलीकडचे दोन सेकंद. हीसुद्धा आमच्या धंद्याची सवय: जिथे कापलं तिथे बघायचं. जोड गुळगुळीत होती. कारखान्याचं फाटक दिसतं, ते जातं, धाकटी येते, ठिपका चेहऱ्यावर बरोबर बसलेला. मी फाइल पाठवून दिली आणि डबा खायला गेले.

आता सांगते काय झालं ते. बटण दाबल्यावर पुढचं सगळं बारा फ्रेम मागे आलं: चित्र आलं, आवाज आला, शेवटचा काळा पडदा आला. कुलूप लावलेल्या दोन पट्ट्या तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. कशा हलतील? मीच तर त्यांना बजावलं होतं, काही झालं तरी हलायचं नाही. म्हणजे आता धाकटी बारा फ्रेम आधीच हलत होती आणि तिचं पांघरूण तिच्या मागाहून येत होतं. ती शांत बसलेली असताना ते कळण्यासारखं नव्हतं, ठिपका मोठा होता. पण पाण्याच्या पेल्यासाठी ती झपकन खाली वाकली, तेव्हा ठिपका अजून वरच होता, जिथे आता नुसती भिंत होती. बारा फ्रेम माझ्या बहिणीचा चेहरा लख्ख दिसला. दिवेही मीच लावले होते, त्यामुळे प्रकाशही उत्तम होता.

दुपारी चारला ते दाखवलं. पाच वाजायच्या आत कुणीतरी नेमकं तिथे थांबवून त्याचा फोटो काढला होता, आणि सहा वाजता तो कारखान्यातल्या प्रत्येकाच्या फोनवर होता. मला तो धाकटीच्या नवऱ्यानं पाठवला. खाली एक अक्षर नाही.

मी फोन केला. त्यानंच उचलला. एरवी माझी चेष्टा केल्याशिवाय एक वाक्य न बोलणारा माणूस.

"ताई, आत्ता नको," तो म्हणाला. "माणसं आलीत."

नोकऱ्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. खोल्या सोडायला तीन दिवस दिले. इतपत आम्ही धरून चाललो होतो, निदान भीती तरी तेवढीच होती. पण तिसऱ्या दिवशी कारखान्यानं पोलिसांत तक्रार केली, की तारखा बदलल्या जात होत्या हे खरं आहे, आम्हालाही धक्का बसला आहे, आणि बदलणारी बाई हीच. लाइनची मुख्य म्हणून रोजच्या कागदावर सही तिचीच होती ना. बातमीत जे जे ती म्हणाली, ते ते तिच्याच गळ्यात बांधलं. चेहरा झाकलेला राहिला असता तर सही कुणाची हे शोधायची त्यांना गरजच पडली नसती, उलट ते सगळे कागद त्यांनीच लपवले असते. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशाला धरून दिलं ते तिच्या थोरल्या बहिणीनं.

मी वसाहतीत गेले तेव्हा सामान टेम्पोत चढत होतं. शेजारपाजारची दारं बंद होती. तिचा नवरा गादी बांधत होता, त्यानं मानेनंच आतल्या खोलीकडे खूण केली. धाकटी रिकाम्या कपाटासमोर जमिनीवर बसली होती, दाराकडे पाठ करून.

"किती वेळ दिसले मी?" तिनं विचारलं. वळली नाही.

"अर्धा सेकंद. त्याहून कमी."

"आणि तू आठ दिवस लावलेस."

"हो."

"मग कसं गं झालं?"

मी सांगायला लागले. पट्ट्या, कुलूप, बारा फ्रेम. माझ्याच कानांना ते इतकं फालतू वाटलं की मी मध्येच थांबले. नापास झालेलं पोर शाई संपल्याचं सांगतं, तसं.

"मला वाटलं, कुणीतरी मुद्दाम केलं असेल," ती म्हणाली. "निदान रागवायला कुणीतरी मिळालं असतं."

"माझ्यावर रागव. मार मला. काहीतरी बोल."

"तू पाहिलं नव्हतंस, एवढंच ना?"

मी पुढे होऊन तिच्या खांद्याला हात लावला. तिनं तो झटकला नाही. नुसता चेहरा भिंतीकडे वळवला आणि दोन्ही हातांनी झाकून घेतला.

"माझ्याकडे बघू नकोस ताई. जा तू."

त्यानंतर ती मला दिसलेली नाही. कुठे राहतात हे आईला माहीत आहे, पण आई मला सांगत नाही. चौकशीला तिला वरचेवर बोलावतात, एवढं कानावर येतं. मी साक्ष द्यायला तयार आहे, पण माझ्या साक्षीला काय किंमत? मी त्या कारखान्याचं नुसतं फाटक पाहिलंय, तेही पडद्यावर.

काल ऑफिसातून सांगितलं की ती बातमी दुरुस्त करून पुन्हा ठेवायची आहे. बैल गेला आणि झोपा केला. पण केलं. फाइल उघडली, दोन कुलपं काढली, दोन पट्ट्या बारा फ्रेम मागे सरकवल्या. चार सेकंद लागले. पाण्याच्या पेल्यापाशी ठिपका तिच्याबरोबर बिनचूक खाली गेला आणि बिनचूक वर आला.

मग काय मनात आलं कोण जाणे, मी ठिपका बंद केला. तिचा चेहरा मला आता दुसरीकडे कुठे बघायला मिळणार आहे? आणि कापलेल्या बारा फ्रेम परत जागेवर ठेवल्या.

आठ दिवस मी तो चेहरा रोज पाहिला होता, पण कडा पाहिल्या होत्या; कपाळ संपतं कुठे, हनुवटी संपते कुठे. आणि सुस्कारा कापताना तर चेहऱ्यावर ठिपकाच होता, मी कापलं ते आवाजाच्या रेषेवरून. काल पहिल्यांदा तिचे डोळे पाहिले. सुस्कारा सोडताना ती बातमीदाराकडे बघत नाही, कॅमेऱ्याकडेही नाही. ती डावीकडे बघते, जिथे मी उभी होते. भुवया किंचित वर आहेत. बोलू ना, ताई? नक्की ना? लहानपणी शाळेच्या दारात अशीच बघायची, मी मान हलवली की आत जायची. एकेक फ्रेम पुढे नेली. बाराव्या फ्रेममध्ये ती माझ्यावरची नजर काढते, समोर बघते आणि बोलायला लागते.

मी मान हलवली होती का, ते आठवायचा कालपासून प्रयत्न करतेय. पण तिच्यामागच्या भिंतीवर त्याच वेळी उजेड थोडा सरकताना दिसतो. मी दिव्याकडे बघत होते.