नोरीनची जाड तार

नोरीन हॅचने आपली कॅरॅव्हान, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, विकावी, असं तिच्या मुलाच्या, डॅरेनच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. गेल्या हिवाळ्यात भर वाळवंटात कॅरॅव्हानची बॅटरी बसली, फ्रिज बंद पडला आणि तिचं इन्सुलिन वाया गेलं. "आई, तू विसरभोळी झालीस. पुन्हा असं झालं तर कॅरॅव्हान गेलीच म्हणून समज," असं त्याने ॲडलेडहून फोनवर बजावलं होतं. नवरा गेल्यापासून नोरीन त्या कॅरॅव्हानच्या जोरावरच जगत होती.

गाडी चालताना तिच्या इंजिनाने मागची बॅटरी भरावी म्हणून पुढून मागे तार टाकली होती ती मी, तिच्या शेजाऱ्याने. चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केलेत, मला कोण शिकवणार?

ती पुन्हा वाळवंटाकडे निघणार होती त्या सकाळी मी चहा घेऊन गेलो, तर एकाहत्तर वर्षांची ही बाई गाडीखाली उताणी पडलेली.

"काय गं, उंदीर शोधतेस?"

"सापडलाय. इंजिन चालू कर आणि मीटर वाच."

पुढच्या बॅटरीवर चौदा व्होल्ट. मागे कॅरॅव्हानपाशी जेमतेम बारा.

नोरीन बाहेर आली आणि तारेचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"कितीची आणलीस?"

"सहा मिलिमीटर. वेष्टनावर छापलंय की."

"सालीसकट सहा, क्लाइव्ह. आतलं तांबं बघ किती बारीक. एवढ्या लांब वाटेत व्होल्ट गळतात."

आमच्याकडे गाडीची तार सालीसकट मोजूनच विकतात. मी आयुष्यभर ती विकत घेतली आणि आत कधी डोकावलो नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कधी कळलं तुला?"

"महिना झाला. वाचनालयातून पुस्तकं आणली."

"मग डॅरेनला सांगितलं का नाहीस?"

"चार रविवार उन्हात राबलास माझ्यासाठी. तुला कशाला बोल लावू?"

दुपारपर्यंत तिने बोटाएवढी जाड तार टाकली. दोन्ही बॅटऱ्यांपाशी फ्यूज, तार सायलेन्सरपासून लांब, आणि प्रत्येक जोड ओढून पाहिलेला. असं काम मी कधी केलं नव्हतं, हे मोकळेपणाने सांगतो. मागे मीटरने पावणेचौदा दाखवले.

मी तिचा फोन उचलून डॅरेनला लावला.

"क्लाइव्ह बोलतोय. गेल्या वर्षीची चूक माझी होती, तुझ्या आईची नाही. तिने ती स्वतः शोधली आणि स्वतः दुरुस्त केली."

डॅरेन म्हणाला, "आई आहे का तिथे? फोन दे तिला."

मी वळून पाहिलं. कॅरॅव्हान जोडून झाली होती, इंजिन चालू होतं आणि नोरीन खिडकीतून हात बाहेर काढून ओरडत होती, "माझा फोन दे की मेल्या, उशीर होतोय!"