गाभाऱ्यातली सुपारी

या, असे पुढे सरका, मागे जागा होऊ दे. कीर्तन करण्याची माझी योग्यता नाही, मी आपला ऐकणारा. पण एक गोष्ट मनात अडकली आहे. देवाची आहे, आणि वाफेचीही.

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आंब्याचा रस डबाबंद करणारा एक कारखाना आहे. तिथे मी वजनकाट्यावर असतो. बॉयलरची वाफ रस तापवायला लागते, पण त्याआधी ती एका छोट्या टर्बाइनमधून जाते आणि जाता जाता कारखान्याला वीज देते. या टर्बाइनची जबाबदारी यंदा भार्गवीवर होती. मुलगी रत्नागिरीचीच, नवी इंजिनिअर, नोकरीतला पहिला हंगाम. बॉयलर भिकाजीकाकांकडे. ते लांज्याकडचे. गळ्यात माळ, आणि कीर्तनात शेजारी माझी जागा धरून ठेवणार.

हंगामाची पूजा अक्षय्यतृतीयेला असते. दरवर्षी काका टर्बाइनच्या पाठीवर सुपारीचा गणपती मांडतात. यंदा दुरुस्ती लांबली होती, म्हणून त्या दिवशी टर्बाइनची वाफपेटी उघडीच होती. आत चार नोझलं, तोंडाशी रुंद, पुढे निमुळती. भार्गवी सगळं साफ करून जेवायला गेली होती. काकांनी आतच पूजा केली. नंतर फुलं-अक्षता पुसून काढल्या, सुपारी मात्र कोपऱ्यात राहू दिली. इतकी वर्षं बाहेरून हात जोडले, आज गाभाऱ्याचं दार उघडं आहे, देव आतच बसू दे, असं त्यांच्या मनात आलं. हे मला मागाहून कळलं. भार्गवीने परत येऊन झाकण बसवलं.

कारखाना सुरू झाला आणि वीज पाव हिश्श्याने कमी भरली. रोज जनरेटर लावावा लागे. मॅनेजर विनोदसाहेब तापले.

"तू उघडेपर्यंत मशीन ठीक होतं."

"आत काहीतरी अडकलंय, सर. उघडून बघू द्या."

"आणि आंबे काय, तुझी वाट बघत बसतील? त्यापेक्षा पुढची बाजू मोकळी कर. तिकडे दाब उतरला की वाफ आपोआप ओढली जाईल."

"नाही ओढली जाणार. नोझलचा गळा एकदा भरून वाहू लागला की पुढे कितीही मोकळं करा, वाफ तेवढीच येते. देवळाचं दार अरुंद असलं, तर आत मंडप रिकामा असून काय उपयोग?"

"मला कीर्तन नको, वीज हवी."

करून पाहिलं. वीज किंचित वाढली, वाफ तेवढीच राहिली. सोमवारपर्यंत सुधारलं नाही तर राजीनामा दे, असं साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

त्या दुपारी ती बॉयलरपाशी पाणी प्यायला आली. काकांनी विचारलं, "बाय, त्या नोझलाचं काम तरी काय?"

"दाबाचा वेग करायचा, काका. वाफ नुसती दबून बसलेली असते. नोझलमधून ती सुसाट निघते आणि चाकाच्या पात्यांवर आदळते, तेव्हा चाक फिरतं."

"आणि तोंडाशीच काय आलं तर?"

"चारातलं एक बंद पडलं तर पाव वीज गेली."

पुढचे दोन दिवस काकांनी जेवणाचा डबाही उघडला नाही.

नृसिंहजयंतीला संध्याकाळी देवळात कीर्तन होतं. उत्तररंगात प्रल्हाद आला. बुवांनी झांजा थांबवल्या आणि हळू आवाजात म्हणाले, "प्रल्हादाने देव खांबात नेऊन ठेवला नव्हता. तो तिथे होताच."

शेजारी काकांची डोलणारी मान थांबली.

"मी ठेवला," ते म्हणाले.

"काय ठेवलंत?"

त्यांनी सुपारीचं सांगितलं. "बोललो तर बॉयलरशी पाय ठेवू देणार नाय मला. न बोललो तर पोरीची नोकरी जाते."

"आरती होऊ दे, मग बोला," मी म्हटलं.

कीर्तनातून कधी न उठणारा तो माणूस आरतीआधी उठला. भार्गवी आईबरोबर बायकांत बसली होती, तिला त्यांनी पायरीवर बोलावलं. सगळं सांगितलं.

"आधी का नाही सांगितलंत?"

"भ्यालो, बाय."

"झाकण लावण्याआधी मीही पुन्हा बॅटरी मारून बघायला हवं होतं," ती म्हणाली, आणि साहेबांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली. तिसऱ्या नोझलच्या तोंडात सुपारी घट्ट बसली होती, फुगलेली, काळी पडलेली. साहेबांनी ती काढली, पण टाकून दिली नाही, काकांच्या तळहातावर ठेवली. दुपारपर्यंत वीज पूर्ववत झाली. भार्गवी राहिली.

"काका, राग नाही," साहेब म्हणाले. "पण याच जागी लोखंड असतं आणि पात्यांवर गेलं असतं, तर माणसं मेली असती. बॉयलर आता दुसऱ्याला देतो. तुम्ही आंबे निवडायला बसा."

खोटं नव्हतं ते. भार्गवी त्यांच्यासाठी खूप भांडली, पण उपयोग झाला नाही.

"वाफेच्या आवाजाशिवाय माझ्या तोंडात नाम येत नाय," एवढंच काका म्हणाले आणि पिशवी घेऊन एसटीने गावी गेले. देवळात माझ्या शेजारची जागा मी अजून धरून ठेवतो. कोणीतरी विचारतं, "इथे कोण आहे?" मी म्हणतो, येतील.

तुमच्याकडे गिरण असेल, पंप असेल, गाडी असेल. तिला हळदकुंकू लावाल तेव्हा बाहेरूनच लावा. आणि हात जोडाल तेव्हा आमच्या भिकाजीकाकांची आठवण ठेवा.