दाराशी टेकवलेला टाइपरायटर

मी टाइपरायटर बोलतोय. हसू नका. रेकॉर्ड रूमचं दार लागू नये म्हणून आता मला दाराशी टेकवलंय, पण तीस वर्षं या हॉस्पिटलातल्या ऑपरेशनांचे रिपोर्ट मीच छापले.

शिकलेला मी नाही. अक्षरं तेवढी ओळखतो. मला चालवायचे कटकटेकाका. आडनाव वेगळंच होतं, पण विचारून विचारून डॉक्टरांचं डोकं खायचे, म्हणून हे नाव पडलं. डॉक्टर ऑपरेशन आटपून घामेजलेले यायचे, भिंतीला टेकून भराभर सांगायचे. काका मला बडवायचे आणि मधेच थांबायचे.

"मूतखडा कुठल्या बाजूचा? डावा की उजवा?"

"उजवा हो, काका!"

"आत काही ठेवलंय? आणखी काही?"

"तुमची जीभ ठेवायला हवी होती," डॉक्टर करवादायचे. मग आठवायचं. "हां, एक नळी ठेवलीय. सहा आठवड्यांनी काढायची. लिहा."

काका लिहायचे. खाली रेघही मारायचे.

मग कॉम्प्युटर आला. कुठली पद्धत बरी ते ठरवायला एक साहेब महिनाभर घड्याळ घेऊन बसला. हाताने लिहायला बारा मिनिटं, आणि ते लिहिणाऱ्यालाही वाचता यायचं नाही, हे खरं. काकांना सांगून नऊ. कॉम्प्युटरवर दोन. दोनच का, ते मी समोर बघत होतो. आदल्या पेशंटचा रिपोर्ट उघडायचा, नाव बदलायचं, छापायचा. काय राहून गेलं, ते कुणी मोजलंच नाही. काका घरी गेले, मी दाराशी आलो.

गेल्या वर्षी काकांचेच पित्ताचे खडे इथे काढले. चार महिन्यांनी त्यांची लेक धापा टाकत रेकॉर्ड रूममध्ये आली.

"बाबा पिवळे पडलेत, तापाने फणफणलेत. डॉक्टर जुना रिपोर्ट मागतायत."

क्लार्कबाईंनी वाचून दाखवला. "वय बत्तीस. खडे काढले. आत काही ठेवलेलं नाही."

"बत्तीस? बाबा बहात्तरचे आहेत!"

"आदल्या बाईचं राहिलं असेल गं. बाकी बरोबर असणार. छापील आहे ना."

लेक कागद घेऊन पळाली. मी काय करणार? मला बोटं लागतात बोलायला.

तिसऱ्या दिवशी ती परत आली, बापाचे शेवटचे कागद न्यायला. नळी होती आत. कुणी काढलीच नव्हती. तुंबली, विष रक्तात भिनलं. सापडली तेव्हा उशीर झाला होता.

"ऑपरेशननंतर घरी निघताना बाबांनी विचारलं होतं हो, आणखी काही?" ती म्हणाली. "सगळं रिपोर्टात आहे, डॉक्टर म्हणाले."

क्लार्कबाईंनी कागद पुढे सरकवले. लेक माझ्यापाशी बसली. बापाच्या बोटांनी गुळगुळीत झालेली एक कळ तिने दाबली. अक्षराची कांडी उठली, आपटली. शाईची फीत केव्हाच वाळलीय. काही उमटलं नाही.

मला भंगारात घाला, तक्रार नाही. तुम्ही मात्र आपल्या माणसाचा कागद वाचून, विचारून घ्या. सांगून काही होणार नाही, हेही ठाऊक आहे मला. आजचे दोन-दोन मिनिटांचे रिपोर्ट गठ्ठ्याने आत चाललेत, आणि त्यांच्यासाठी दार मीच उघडं धरलंय.