हनुवटीवरचे टिपके

प्रमिलाबाईंनी स्वतःचा मेल्यानंतरचा फोटो पाहिला आणि नापास केला.

मेल्यानंतरचा म्हणजे, मेल्यावर भिंतीवर लावायचा. बाई तशा ठणठणीत होत्या. त्याच सकाळी शेवभाजीबरोबर कळण्याच्या दोन भाकरी त्यांनी रिचवल्या होत्या. पण थोरले दीर वारले तेव्हा घरात त्यांचा धड एक फोटो सापडला नव्हता, आणि स्टुडिओवाल्याने आधार कार्डावरचं मुंडकं उचलून एका कोट-टायवाल्या धडावर बसवून दिलं होतं. जन्मभर बंडीवर वावरलेल्या त्या माणसाच्या नावाने घरातले लोक तेव्हापासून दर पितरांत एका अनोळखी बँक मॅनेजरला हार घालत होते. आपलं असं होऊ द्यायचं नाही, हे बाईंनी तेव्हाच ठरवून टाकलं. म्हणून सून चेतना हिने फोनवर त्यांचा फोटो काढला, शहाद्याहून मोठा करून आणला, आणि बाईंनी तो हातभर लांब धरून विचारलं, “हाई कोन शे?”

विचारण्यासारखंच होतं. फोनने आपल्याच मनाने बाईंना गोरं केलं होतं, सुरकुत्यांवर इस्त्री फिरवली होती आणि हनुवटीवरचं गोंदण मळ समजून पुसून टाकलं होतं. ते गोंदण बाईंनी नवव्या वर्षी काढून घेतलेलं, दोन मावश्यांनी हातपाय दाबून धरलेले असताना, गल्ली गोळा होईल अशी बोंब मारत. पैसा-दागिना खालीच राहतो, वर फक्त गोंदण येतं, असं त्यांची आई सांगायची. चेतनाने फोनच्या सगळ्या खोड्या बंद करून पुन्हा फोटो काढला, तर सुरकुत्या तेवढ्या परत आल्या. गोंदण काही आलं नाही.

“मी मरनू ते लोके हिले हार घालतीन,” बाई म्हणाल्या आणि फोटो पालथा घातला.

चेतनाने मग सांगितलं की खरा कॅमेरा पाहिजे. उजेड किती घ्यायचा, झाकण किती वेळ उघडं ठेवायचं, सगळं आपल्या हाताने ठरवायचं आणि आपण सांगू तेवढंच त्याने करायचं, असा. बाईंना ते फार पटलं. “तोच लई या,” त्यांनी फर्मान सोडलं. “सोताना मननं करनारा घरमा एक शे.”

तो एक, म्हणजे बाईंचे यजमान भिला आप्पा, ओसरीवर तंबाखू मळत होते. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण नवा कॅमेरा परवडायचा नाही, शहाद्याला कुंदनकडे वापरलेले मिळतात, असं चेतना पुढे बोलली, आणि आप्पांचे कान टवकारले. वापरलेली वस्तू पारखायची म्हटल्यावर त्या घरात दुसरं नावच निघू शकत नव्हतं. आप्पांनी चाळीस वर्षं बैलांची दलाली केली होती. कोणत्या सालच्या कोणत्या बैलाच्या कोणत्या खुराला चीर होती, कोणाचा केसांचा भोवरा पाठीवर किती बोटं सरकलेला होता, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगत. माणसांच्या बाबतीत मात्र आनंद होता. दोन जावयांत ते अजूनही गल्लत करत आणि दोघांनाही ‘पाहुणा’ म्हणून वेळ मारून नेत.

चेतनाने काय काय बघून घ्यायचं त्याची चिठ्ठी लिहून दिली. आप्पांनी ती दारामागच्या खिळ्याला टोचून ठेवली. बैलबाजारात कोणी चिठ्ठी घेऊन जातं का!

कुंदनचं दुकान शहाद्याच्या एसटी स्टँडसमोर. गडी लग्नाचे फोटो काढायचा. आता नवरदेवाच्या डोक्यावर ड्रोन फिरवतो, म्हणून खिशात मावणारे जुने कॅमेरे विकायला काढलेले. त्याने काचेवर तीन मांडले. आप्पांनी एकालाही हात न लावता आधी तिघांभोवती चक्कर मारली, मग कुंदनलाच विचारलं की मालक ते का विकतोय. जनावराआधी मालकाची नजर बघावी, हा त्यांचा पहिला नियम.

मग पारख सुरू झाली. गुलाबी कॅमेऱ्याचं बटण दाबलं तर लेन्स करकर करत बाहेर आली आणि अर्ध्यात थांबली. याला दमा आहे, म्हणून आप्पांनी तो बाजूला सारला. काळ्याच्या बॅटरीचं झाकण उघडून त्यांनी चक्क नाक लावलं, गंजाचा वास येतो का ते बघायला. दात दाखव म्हणाले, म्हणजे किती फोटो काढून झालेत ते. आकडा काही कुंदनला सांगता येईना, तेव्हा बटणांवरचा रंग किती उडालाय त्यावरून आप्पांनी स्वतःच ठरवलं की हा चार दाती, म्हणजे ऐन उमेदीतला असावा. एका गोष्टीला मात्र कुंदननेही मान डोलावली. आप्पांनी अंगावर कुठे भोवरा आहे का विचारलं, तेव्हा त्याने काळ्याचं उजेड घेणारं छिद्र अगदी बारीक करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला आणि मोठा करून दाखवला. आत धूळ गेली असेल तर अशा फोटोत डाग दिसतात. डाग नव्हता.

तरी आप्पांचं मन बसलं होतं तिसऱ्या, चंदेरीवर. तो सगळं आपला आपण करत होता. चेहरा दिसला की चौकट आखायचा, हसलं की फोटो काढायचा, आणि स्वस्तही होता. न हाकता वळणारा बैल कोणाला नको असतो? आप्पांनी त्यावर बोट ठेवलं आणि सहज, बढाई म्हणून, बायकोच्या फोटोची कथा सांगितली.

कुंदन भला माणूस. त्याने आपलाच सौदा मोडला. “आप्पा, मंग कॅमेरा कशाले लेतस? तो फोटो माले द्या, मी कॉम्प्युटरवर टिपका ठेवी देसू. फक्त कितला शेतस नि कोठे, इतलं सांगा.”

आप्पांनी दाखवायला बोट आपल्या हनुवटीवर टेकवलं.

हनुवटीवर. इथपर्यंत नक्की. तीन असावेत. की पाच? त्रिकोणात होते की ओळीत? आप्पांनी डोळे मिटले. एकेचाळीस वर्षं ती हनुवटी रोज दोन वेळा त्यांच्या ताटावर वाकली होती, पण ऐन वेळी त्यांना दिसला तो सारंगखेड्याच्या जत्रेत विकलेला एक खिल्लारी, त्याच्या कपाळावरच्या चांद्यासकट. फोन करून बाईंना विचारता आलं असतं. पण मग उरलेलं आयुष्य ते उत्तर ऐकत काढावं लागलं असतं, आणि मेल्यावरही सुटका झाली असती असं नाही. आप्पांना आतून लाज वाटली. अशी लाज त्यांना लंगडा बैल गळ्यात मारतानाही कधी वाटली नव्हती.

“कॅमेराच दे,” चंदेरी बाजूला सारत ते म्हणाले. “हाऊ नको. सोताना मननं काहीच करस नही, तो दे.”

भाव ठरवायला त्यांनी बैलबाजाराच्या रीतीने खांद्यावरचा रुमाल कुंदनच्या हातावर टाकला आणि खालून बोटं धरली. कुंदनला वाटलं म्हाताऱ्याला भोवळ येतेय, म्हणून त्याने घाबरून पाणी मागवलं. पाणी येईपर्यंत आप्पांनी त्याची तीन बोटं दाबून सौदा पक्का केला होता.

घरी चेतनाने चकती फिरवून ‘एम’वर, म्हणजे सगळं हाताने करायच्या खुणेवर ठेवली आणि कशाने काय होतं ते दोनदा समजावलं. फोटो मीच काढणार, असं आप्पांनी जाहीर केलं. हा उत्साह कुठून आला, ते कोणाला कळेना. बाई नवी साडी नेसून ओसरीच्या उन्हात बसल्या. पहिला फोटो तव्यासारखा काळा आला. दुसऱ्यात बाई पिठात पडल्यासारख्या दिसल्या. चेतनाने पुढे केलेला हात आप्पांनी झटकला, उजेडाची चकती दोन घरं मागे घेतली, श्वास रोखला आणि बटण दाबलं.

तिसरा आला. सुरकुत्यांसकट, उन्हाने रापलेल्या रंगासकट, हिरवट गोंदणासकट. आप्पांनी कॅमेरा डोळ्यांशी नेला, हनुवटी मोठी केली आणि ओठ न हलवता मोजलं. मग पुन्हा एकदा मोजलं. त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि तोंड सुटलं.

“देख,” ते ऐटीत म्हणाले, “पाचीच्या पाची टिपका दिखनात.”

बाईंनी फोटोकडे पाहिलंही नाही. त्या आप्पांकडे पाहत होत्या.

“टिपका चार शेतस,” त्या म्हणाल्या. “पाचवा तीळ शे. जनमना.”

चेतनाला अचानक चुलीवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं. ती आत गेली. आप्पांनी चकती उगीचच इकडून तिकडे फिरवली. उजेड कमी पडला, असं सांगून बघावं का, हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

“बैल देखाले तुमले कितला येळ लागस?” बाईंनी विचारलं.

“अर्धा दिन,” आप्पा म्हणाले. याबाबतीत खोटं बोलणं त्यांना जमत नसे.

“मंग तो ठेवा खाले, नि बठा समोर.”

आप्पांनी कॅमेरा जोत्यावर ठेवला आणि समोर मांडी घातली. बाई हलल्या नाहीत, हसल्या नाहीत, पदरही सावरला नाही. आप्पांनी हनुवटीपासून सुरुवात केली. चार आणि एक. मग हळूहळू नजर वर गेली. डावा डोळा उजव्यापेक्षा थोडा बारीक होता. त्याच्या वर, भुवईतून एक पांढरी रेघ आरपार गेली होती, जुन्या जखमेची. तिथे केसच उगवले नव्हते. आप्पांनी ती आजवर पाहिली नव्हती. ती कशाची, हे त्यांना विचारावं लागलं.

“तुमना धवळ्या बैलनं शिंग,” बाई म्हणाल्या.

तो बैल आप्पांना चांगला आठवत होता.