जोतिबाच्या स्टँडवरची पंधरा मिनिटं

त्या उन्हाळ्यात संयोगिताजवळ मोलाचं म्हणावं असं एकच उरलं होतं: जोतिबाच्या डोंगरावर गाडी थांबायची ती पंधरा मिनिटं. स्कूटी विकली होती, गळ्यातलं गहाण पडलं होतं. पण ही पंधरा मिनिटं दिवसातनं तीन वेळा तिच्या हक्काची होती. कोल्हापूर–जोतिबा एसटीवर ती कंडक्टर होती. गाडी वर पोचली, शेवटचा भाविक खाली उतरला, की तिकिटाचं मशीन छातीशी धरून ती अशी सुटायची, की नारळवाले म्हणायचे, "बाईला आज देव पावला वाटतं." देवाकडं तिचं काही काम नव्हतं. स्टँडला लागून तिच्या आईचं, तानाबाईचं, गुलाल-खोबऱ्याचं दुकान होतं, आणि दुकानात पोत्यांच्या मागं, साडीच्या झोळीत, अकरा महिन्यांची सई असायची. तिची लेक.

एवढंसं पोर आईनं असं डोंगरावर का ठेवावं, असं म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यातला एकही पाळणाघराचे पैसे मी भरतो म्हणाला नाही.

बाळंतपणाची सहा महिन्यांची भरपगारी रजा तिला मिळाली, त्यात नाव ठेवायला जागा नाही. पण सहा महिने झाले म्हणून पोर काही उठून स्वतःचा चहा करून घेत नाही. पुढचे दोन महिने तिनं बिनपगारी काढले, आणि त्या दोन महिन्यांनी घराचं कंबरडं मोडलं. नवरा ऋतुराज चाकणला एका कंपनीत ठेक्यावर होता. त्याचा अर्धा पगार तिथली खोली आणि मेस खायची, उरलेला बिनपगारी महिन्यांतली उसनवारी फेडण्यात जायचा. कसबा बावड्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातनं आपोआप उचलला जायचा.

बावड्यात पाळणाघर होतं, चांगलं होतं. महिन्याला साडेपाच हजार, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. संयोगिताची ड्युटी पहाटे पाचला. मधले चार तास पोर काय डेपोच्या गेटवर ठेवायचं? गल्लीतल्या झुंबरबाई घरी येऊन सांभाळायला तयार होत्या. त्यांनी बारा हजार, दोन चहा आणि एक जेवण मागितलं. त्यांचंही चुकत नव्हतं. साडेचारला दुसऱ्याच्या दारात हजर राहायचं म्हणजे काही खायचं काम नाही. संयोगिताच्या हातात तेवीस हजार यायचे, त्यातले नऊ हप्त्याला जायचे. झुंबरबाईंना दिल्यावर दोन हजारांत गॅस, भाजी, दवाखाना आणि महिना बसवायचा होता. तो काही केल्या बसेना.

शेवटी तानाबाई फोनवर म्हणाली, "आण हिकडं. चार भिंतीत कोंडून घालण्यापरास हितं माणसात ऱ्हाईल. एक लेकरू सांभाळायचं, त्यात काय डोंगर उचलायचाय व्हय?"

तानाबाईनं खाली येऊन राहावं तर दुकान बंद, आणि नवऱ्यामागं तिचं पोट त्या दुकानावर होतं. संयोगितानं वर राहावं, तर पहाटे पाचच्या ड्युटीला खाली आणणारी गाडीच नव्हती. सकाळची पहिली गाडी ती स्वतःच वर घेऊन जायची. ड्युटी दुपारी दोनला सुटायची. मग चार ते आठ ती बावड्यातल्या एका खानावळीत भाकऱ्या थापायची. ते पैसे सोडून चालणार नव्हते. म्हणून तिनं ड्युट्या लावणाऱ्या साहेबांच्या हातापाया पडून जोतिबाची लाईन मागून घेतली. घाट, गर्दी आणि अंगभर गुलाल, त्यामुळं ती लाईन तशीही फारशी कुणाला नको असायची.

"देतो," साहेब म्हणाले. "पण सांगून ठेवतो, लेकराचं कारण हितं चालायचं न्हाय. एक तक्रार आली की लाईन काढून घेणार."

"येणार न्हाय साहेब," ती म्हणाली, आणि तीन महिने तिनं तो शब्द पाळला. गाडी कधी एक मिनिट उशिरा सुटली नाही. सईचं पोट भरलेलं असो वा नसो, ड्रायव्हर बाळासोंनी हॉर्न दिला की ती तिला ओढून काढायची, आईच्या हातात द्यायची आणि पळायची. पाठीमागनं रडणं ऐकू यायचं. ते दुसऱ्याच कुणाचं पोर असल्यासारखं तोंड करून ती दारात उभी राहायची आणि बेल द्यायची.

गाडीत साठ-सत्तर माणसं असायची. "ओ ताई, सुट्टे द्या की," "ओ बाई, केर्लीला थांबणार न्हवं?" दिवसभर तिच्या नावानं नुसता गलका. पण रात्री बावड्यात आलं की कुलूप तिनंच काढायचं, दिवा तिनंच लावायचा. भाकऱ्या थापून थापून मनगटं भरून आलेली असायची आणि छाती दुधानं दाटून दगड झालेली. मग ती मोरीत उभी राहून दूध पिळून टाकायची. पोर अठरा किलोमीटरवर, आणि त्याचं दूध नळाच्या पाण्याबरोबर वाहून चाललेलं. त्या वेळी तिला इतकं एकटं वाटायचं, की ऋतुराजचा फोन वाजला तरी ती उचलायची नाही. उचलला असता तर रडली असती, आणि चाकणच्या खोलीत सहा जणांत बसून तो तरी काय करणार होता?

मे महिन्यातली गोष्ट. खानावळीला एका साखरपुड्याची ऑर्डर आली. संयोगितानं रात्री साडेअकरापर्यंत भाकऱ्या थापल्या आणि साडेतीनला उठून डेपो गाठला. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला गाडी साडेबाराला वर पोचली. ऊन मी म्हणत होतं. ती दुकानात शिरली, बूट काढले, पोत्यांच्या मागच्या गोणपाटावर सईला घेऊन आडवी झाली. तानाबाईनं पडदा ओढला. सईनं तोंड लावलं आणि संयोगिताचे डोळे मिटले.

पुढचं सगळं तिला मागाहून कळलं.

पावणेएकला बाळासोंनी हॉर्न दिला. कुणी आलं नाही. त्यांनी परत दिला, तशी तानाबाईच गाडीपाशी गेली.

"बाळासो, वाईच थांब बाबा. पोरगी झोपलीया."

बाळासोंच्या दोन मुली सासरी नांदत होत्या. त्यांनी इंजिन बंद केलं, ते खाली उतरले आणि उगाच बॉनेट उघडून आत बघत उभे राहिले. "इंजन तापलंय, धा मिन्टं थांबा," असं त्यांनी गाडीतल्या लोकांना सांगितलं. तानाबाई परत पोरीजवळ जाऊन बसली आणि अगरबत्तीच्या पुठ्ठ्यानं वारा घालू लागली.

दहाची वीस झाली, विसाची तीस झाली. गाडीत चाळीस माणसं उकडून निघत होती. त्यात एका माणसाला कोल्हापुरातनं रेल्वे गाठायची होती. त्यानं बॉनेटमध्ये डोकावून बघितलं, बाळासोंच्या तोंडाकडं बघितलं आणि काय ते ओळखलं. चौकशी करत करत तो दुकानाशी आला. पडद्याखालनं खाकी साडीचा काठ आणि दोन पाय बाहेर आले होते. त्यानं मोबाईल काढला.

"हे बघा मंडळी. गाडी उन्हात उभी, आणि कंडक्टर बाई हितं ढाराढूर."

तानाबाई पडद्यापुढं येऊन उभी राहिली. "फोन खाली घ्या, पावणं. लेकरू पदराखाली हाय."

त्यानं फोन खाली घेतला, पण घ्यायचं ते तोवर घेऊन झालं होतं. त्या व्हिडिओत सई कुठंच नव्हती. उन्हातली गाडी होती, घाम पुसणारी माणसं होती, आणि झोपलेल्या बाईचे दोन पाय होते.

आवाजानं संयोगिता जागी झाली. घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती. एका पायात बूट, एक हातात, अशी ती धावली. उतारावर सगळी गाडी गप्प होती. ती तिकिटं काढत एकेका सीटपाशी गेली. पैसे देताना कुणी तिच्याकडं बघितलं नाही. तो माणूस मात्र बोलला.

"माझी रेल्वे गेली की बाई. पुढची रात्री हाय. पगार घेतासा न्हवं तुम्ही?"

संयोगितानं त्याच्या हातात तिकीट दिलं. चूक तिचीच होती, आणि तो खोटं काही बोलत नव्हता. त्याचंच तिला जास्त लागलं.

डेपोत ती पोचायच्या आत व्हिडिओ पोचला होता. साहेबांनी तिच्यासमोर फोन धरला. खाली लोकांनी लिहिलेलं होतं: फुकटचा पगार, सरकारी जावई, घरी पाठवा असल्यांना. संयोगितानं तीनचार वाचलं आणि तोंड फिरवलं.

"लेकराचं सांगितलासा का साहेब वर?"

"सांगितलं की. ते म्हणतात, मग चाळीस माणसं उन्हात ठेवून पाजायला परवानगी कुणी दिलती?" साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी खुर्ची पुढं सरकवली, पाणी मागवलं. मग कागदावर बघत म्हणाले, "उद्यापास्नं तुम्हाला सोलापूर. एक दिस जायचं, तिथं मुक्काम, दुसऱ्या दिशी परत. बाळासोला लेखी ताकीद दिलीया. माझ्या हातात येवढंच हुतं, न्हाईतर घरीच बसवणार हुते."

तिनं मान हलवली. नोकरी वाचली होती, हप्ता भरला जाणार होता. सोलापूरच्या मुक्कामानं खानावळ सुटली ती सुटलीच, त्या पैशांचं कुठंतरी जुळवून घेता येईल. पण आठवड्यातनं एकदा, सुट्टीच्या दिवशी पाजलेलं पोर आईचं दूध किती दिवस धरून ठेवील, हे तिला कुणी सांगायला नको होतं. महिनाभरात सई वाटीनं गाईचं दूध प्यायला शिकेल. मग ती आईला बघून हातपाय नाचवणार नाही, नुसती बघेल. हा हिशोब साहेबांच्या कागदात कुठं नव्हता.

रात्री आठला ती खानावळीतला शेवटचा रोज घेऊन घरी आली. कुलूप काढलं आणि दिवा न लावताच भिंतीला टेकून बसली. दिवसभरात कुणाजवळ तरी बोलायला हवं होतं. एकच माणूस होतं तसं, आणि त्याच माणसाचा फोन वाजला.

"संयू, जेवलीस?" तानाबाईचा आवाज नेहमीपेक्षा खुशीत होता. "आज झोप बरी झाली न्हवं?"

"व्हय."

"पाऊण तास झोपलीस बघ. मी सारखी घड्याळाकडं बघत हुते. बाळंत झाल्यापास्नं तुला तोंड उघडं टाकून असं झोपल्यालं मी बघितलंच नव्हतं. माशी बी बसू दिली न्हाय. ती बी झोपली, तू बी झोपलीस. दोघी शेजारी शेजारी. मला कुठली कळायची लेक आणि कुठली नात."

संयोगितानं अंधारातच फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्यो एक पावणा लई बडबडत हुता. त्याला चांगला झाडला. देवाला आल्यात आणि अर्धा तास दम धरवत न्हाय. तू नको मनावर घिऊ." मग तानाबाई जरा हळू आवाजात म्हणाली, "आणि हे बघ, बाळासोला मी सांगून ठेवलंय. रोज तिसऱ्या फेरीला माझ्या पोरीला वाईच पडू देत जा म्हणून. त्याचा च्या माझ्याकडं. तुला द्यायला माझ्याजवळ दुसरं हाय तरी काय गं? पैसा न्हाय, आडका न्हाय. येवढं तर करू दे मला."

आई, त्या पाऊण तासानंच सगळं गेलं, हे शब्द संयोगिताच्या जिभेवर आले. दुपारी तिला आईचा भयंकर राग आला होता. का उठवलं नाहीस, असं ओरडून विचारायचं तिनं घाटातच ठरवलं होतं. आता ते आत कुठंतरी अडकून बसलं. तिला एवढंच उमगलं की हे आईला सांगता येणार नाही, आणि आईला नाही तर मग कुणालाच नाही.

"बरं," ती म्हणाली. "येते."

"उद्या लवकर ये. सई पहिल्या गाडीच्या आवाजाला उठून बसतीया."

पहिली गाडी उद्या साडेसहाला वर पोचणार होती. तानाबाई सईला कडेवर घेऊन दुकानाच्या पायरीवर उभी राहील, दारातनं दुसरंच कुणी खाली उतरेल, आणि बाळासोंना गाडीतनं उतरून तिच्याकडं चालत जावं लागेल. तोवर दहा तास होते. ते दहा तास तरी आईला आपण लेकीचं भलं केलं असं वाटू दे, असं संयोगिताच्या मनात आलं, आणि ती म्हणाली, "आई, आता तू बी झोप."