निरोगी बाईचं रक्त

मुरलीधर सरांचं नाव काढलं की अजून माझ्या मस्तकात तिडीक जाते.

नोएडात आमची प्रयोगशाळा नवीनच उघडली होती. काही बायकांचं शरीर आपल्याच रक्तावर उलटतं, गुठळ्या होतात, गर्भ टिकत नाही. अशा बाईच्या रक्तातला दोषी अंश गाभण उंदरिणीला टोचला की तिचीही पिल्लं पोटातच मरतात. तुलनेला निरोगी बाईचं रक्त, म्हणजे 'कंट्रोल', हवं. ते मिळेना, तेव्हा सर म्हणाले, "घर से किसी को ले आओ." मी सुधन्वादादाच्या बायकोला, केतकीवहिनीला नेलं. तिचे तीन गर्भ गेलेत हेही सांगितलं. "वो कोई बीमारी थोड़े ही है," सर म्हणाले आणि वहिनी निरोगी ठरली.

मग त्या 'निरोगी' रक्ताच्या उंदरिणींचीही पिल्लं गेली. सर वैतागले. "कंट्रोल ख़राब है. फेंको, दूसरी औरत लाओ."

"सर, ती बाई आजारी आहे. तिला कळवायला हवं."

"सुखदा, तुम चूहे देखो."

वा रे वा! बाईपेक्षा यांचा आकड्यांचा तक्ता मोठा. मी तडक दिल्लीत आर. के. पुरमला घरी आले. वहिनी कणीक मळत होती. चौथ्यांदा दिवस गेले होते, तिसरा महिना. आणि तिच्यादेखत आई शेजारच्या कुमुदकाकूंना सांगत होती, "बसने ऑफिसला जाऊ नको म्हटलं, तर ऐकेल तर शपथ. याही वेळी गेलं, तर आमच्या सुधन्वासाठी दुसरी बघावी लागेल."

माझं टाळकंच सरकलं. "आई, पुरे. पिंजऱ्यातल्या उंदरिणी कुठल्या बसमध्ये चढल्या होत्या? हिच्या रक्ताने त्यांची पिल्लं गेली. रक्ताचा आजार आहे हा. यावर इंजेक्शनं आहेत. उद्या मी हिला हॉस्पिटलात नेतेय."

"म्हणजे दोष हिच्यातच ना?"

"तुला मधुमेह आहे. बाबांसाठी आम्ही दुसरी बघितली का?"

कुमुदकाकू चहा अर्धा टाकून उठल्या. आई भाजी निवडत राहिली.

वहिनीचे हात कणकेतच होते. "सुखदा, त्या उंदरिणींना कुणी काही बोललं का गं?"

"नाही."

"एवढी पिल्लं जाऊनही?"

"नाही."

तिने हात धुतले, कणकेवर ओला रुमाल टाकला.

"आई," ती म्हणाली, "उद्या डबे तुम्ही करा. मला सकाळी लवकर निघायचंय."